ऐन भरातला बॉक्सर तो पराभव उलटवू शकला असता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंगवर लिहायला लागल्यापासून एकच प्रश्न नावं बदलून येत राहतो: ‘तो तेव्हा भरात असता तर हरला असता का?’ कधी मुहम्मद अलीबद्दल, कधी माइक टायसनबद्दल, कधी रॉय जोन्सबद्दल. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॉक्सरचा भराचा काळ, म्हणजे ज्याला सगळे ‘प्राइम’ म्हणतात, तो नेमका कोणत्या वयात असतो?

वयाचा आकडा सांगता येत नाही. पाय, नजर, ठोसा पचवायची ताकद आणि अनुभव या चार गोष्टी एकाच वेळी वरच्या पट्टीत असतात तो काळ म्हणजे भर. पाय आणि नजर लवकर उतरतात, अनुभव उशिरा येतो. दोन्ही एकत्र नांदतात ती वर्षं थोडी, बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार. ताकद मात्र सर्वांत शेवटी जाते. म्हणूनच जॉर्ज फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, नऊ फेऱ्या मागे पडूनही दहाव्या फेरीत मायकेल मूररला एका उजव्या ठोशानं आडवा करू शकला. तो तेव्हा भरात नव्हता. उरलेली एकच गोष्ट त्या रात्री पुरेशी ठरली.

२. मग ‘भरात असता तर जिंकला असता’ हे ठरवायचं कसं? शेवटी हा अंदाजच ना?

अंदाजच, पण त्याला आधार देता येतो. मी दर वेळी एकच तपासतो: ज्या गोष्टीमुळे तो हरला, ती त्याच्या तरुणपणच्या लढतींत दिसते का? दिसत नसेल तर ती काळानं आणली आहे, आणि घड्याळ मागे नेलं तर ती जाईल. पण दिसत असेल, म्हणजे तोच ठोसा त्याला बावीस-तेविसाव्या वर्षीही लागत होता, तर ती त्याच्या शैलीतली फट आहे. ती फट घेऊनच तो भरात आला होता. खालची बहुतेक उत्तरं या एका कसोटीवर उभी आहेत.

३. १९६७ चा अली असता तर ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझरकडून हरला असता का?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर देताना मलाही सर्वाधिक त्रास याच प्रश्नाचा होतो.

आधी काळानं काय नेलं ते पाहू. २२ मार्च १९६७ ला अली झोरा फोलीशी लढला. पुढच्याच महिन्यात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्याचा परवाना आणि किताब दोन्ही काढून घेतले गेले. पुढची लढत थेट २६ ऑक्टोबर १९७० ला, जेरी क्वॉरीशी. म्हणजे पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, साडेतीन वर्षांहून अधिक काळ तो रिंगणाबाहेर होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्ध दिसलेला अली परत कुणालाच दिसला नाही. त्या रात्री तो मागे सरकत ठोसे मारत होता आणि प्रतिस्पर्ध्याचे ठोसे हवेत विरत होते. १९७१ मध्ये तो दोरांना टेकून विश्रांती घेत होता. १९६६ मध्ये त्याला दोरांची गरज नव्हती.

आता दुसरी बाजू. पंधराव्या फेरीत अलीला खाली पाडणारा ठोसा जवळून पाहा. अली उजव्या हातानं अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारायला निघतो, त्यासाठी हात खाली नेतो आणि जबड्याची उजवी बाजू उघडी पडते. त्याच क्षणी फ्रेझरचा डावा हुक (बाजूनं वळून येणारा ठोसा) येतो. फ्रेझरचे सल्लागार एडी फच यांनी ही सवय आधीच हेरली होती: अली अपरकटसाठी हात खाली नेईल तेव्हा हुक सोड. आणि अलीला डाव्या हुकची बाधा जुनीच. १९६२ मध्ये सनी बँक्सनं त्याला डाव्या हुकवर पाडलं होतं, १८ जून १९६३ ला वेम्बलीवर हेन्री कूपरनंही. म्हणजे ही फट तीन वर्षांच्या खंडामुळे पडलेली नव्हती.

माझं मत असं: १९६७ चा अली पंधरा फेऱ्या पायांवर राहिला असता आणि गुणांवर निसटता जिंकला असता. त्या रात्रीचे गुण, म्हणजे फ्रेझरच्या, अलीच्या आणि बरोबरीच्या फेऱ्या, ८-६-१, ९-६ आणि ११-४ असे होते. पंच आर्थर मर्कांटे यांच्या कार्डावर तर फरक दोनच फेऱ्यांचा. एवढा फरक पाय भरून काढू शकतात. पण तो सहज जिंकला असता असं कुणी म्हणालं, तर त्यानं त्या रात्रीचा फ्रेझर नीट पाहिलेला नाही असंच मी म्हणेन. फ्रेझरचीही ती आयुष्यातली सर्वोत्तम रात्र होती.

४. लॅरी होम्सनं अलीला हरवलं त्यात काय मोठं? भरातल्या अलीपुढे होम्स टिकला असता का?

२ ऑक्टोबर १९८० ची लढत या चर्चेत पुरावा म्हणून वापरूच नये. अली ३८ वर्षांचा होता, दोन वर्षं लढला नव्हता. वजनकाट्यावर तो साधारण १९७४ मध्ये फोरमनविरुद्ध होता तेवढाच भरला, जेमतेम एका पौंडाचा फरक. लोक हरखले. पण ते वजन थायरॉइडच्या गोळ्यांनी उतरवलेलं होतं आणि त्यासोबत अंगातलं त्राण गेलं होतं. दहा फेऱ्यांत एकाही पंचानं अलीला एकही फेरी दिली नाही. अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी दहाव्या फेरीनंतर लढत थांबवली. ती पाहताना मला आजही मध्येच उठावंसं वाटतं.

खरा प्रश्न आहे तो १९६७ चा अली विरुद्ध १९८० चा होम्स. होम्सचा डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) हेविवेट, म्हणजे सर्वांत जड गटातल्या सर्वोत्तम जॅबपैकी एक, आणि तो अलीचा सरावातला जोडीदार राहिलेला असल्यानं त्याला अली आतून माहीत होता. मी अलीच्या बाजूनं, पण पंधरा फेऱ्या पूर्ण होऊन.

५. आणि केन नॉर्टन?

इथे घड्याळ मागे नेऊन फारसा फायदा नाही. ३१ मार्च १९७३ ला नॉर्टननं अलीचा जबडा मोडला आणि जिंकला. पुढच्या दोन्ही लढती अली जिंकला खरा, पण दोन्ही अटीतटीच्या. अली ज्या क्षणी जॅब मारायचा, त्याच क्षणी नॉर्टनही मारायचा. ही शैलीची अडचण, वयाची नव्हे (पाहा प्रश्न २). तरुण अली जिंकला असता, पण तेव्हाही त्याला घाम गाळावा लागला असता.

६. टायसन बस्टर डग्लसकडून हरला तेव्हा फक्त २३ वर्षांचा होता. मग ‘तो प्राइममध्ये नव्हता’ असं कसं म्हणता?

म्हणता येतं, कारण भर वयात मोजत नाहीत. २७ जून १९८८ ला टायसननं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानं प्रशिक्षक केव्हिन रूनी यांना काढलं. त्याला घडवणारे कस डामाटो १९८५ मध्येच गेले होते. त्यानंतरच्या टायसनमध्ये काय कमी झालं ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं: आत शिरताना डोकं डावी-उजवीकडे हलत राहायचं, ते थांबलं. एकामागून एक येणारे ठोसे संपले, एकच मोठा ठोसा शोधणं सुरू झालं.

११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत हे सगळं एकदम उघडं पडलं. त्याच्या कोपऱ्यातल्या साहाय्यकांकडे डोळ्याची सूज दाबायचं थंड लोखंडी उपकरणसुद्धा नव्हतं. रबरी हातमोज्यात गार पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. दहाव्या फेरीत खाली पडल्यावर टायसन गुडघ्यांवर येऊन हातानं दातरक्षक चाचपडतो, कसाबसा तोंडात कोंबतो आणि त्याचं एक टोक ओठांबाहेर लोंबत राहतं. तयारी न करता आलेल्या माणसाचं ते चित्र आहे.

१९८८ चा टायसन जिंकला असता असं मला वाटतं. पण डग्लसचं ऋण मान्य करून. तेवीस दिवसांपूर्वी आई गेलेली असताना तो उतरला होता. उंची आणि लांब हातांचा जॅब त्यानं जसा वापरला, तसा तोवर टायसनविरुद्ध कुणी वापरला नव्हता. आठव्या फेरीत अपरकटवर पडूनही तो उठला. आधीचे प्रतिस्पर्धी तिथे उठत नव्हते.

७. मग इव्हँडर होलीफिल्ड आणि लेनॉक्स लुईस यांच्याविरुद्धचे पराभवही तरुण टायसननं उलटवले असते?

दोन्ही वेगळी प्रकरणं. होलीफिल्डशी लढत खरं तर नोव्हेंबर १९९१ साठी ठरली होती. टायसनच्या बरगडीच्या दुखापतीमुळे ती लांबली आणि पुढे तो तुरुंगात गेला. ती झाली १९९६ मध्ये. होलीफिल्ड मागे हटत नसे, मिठीतही टायसनला ढकलून मागे नेत असे. मागे हटणाऱ्यांना खाणाऱ्या बॉक्सरसाठी हा प्रतिस्पर्धी कोणत्याही वर्षी जड गेला असता. १९९१ मध्येही मी होलीफिल्डलाच कौल देतो.

लुईसविरुद्ध (८ जून २००२) मात्र मी तरुण टायसनला खरी संधी देईन. लुईसला १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलनं आणि २००१ मध्ये हसीम रहमाननं एकेका उजव्या ठोशात संपवलं होतं. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: लुईस टायसनपेक्षा वयानं मोठा होता. तेव्हा त्या रात्रीला ‘तरुणानं म्हाताऱ्याला हरवलं’ असं म्हणू नका.

८. रॉय जोन्स ज्युनियर एका रात्रीत कसा संपला? अँटोनियो टार्व्हर एवढा भारी होता का?

१ मार्च २००३ ला जोन्सनं १९३ पौंडांवर जॉन रुईझला हरवून हेविवेट किताब घेतला. मग तेच स्नायू उतरवून तो १७५ पौंडांवर परतला. नोव्हेंबरमध्ये टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला आणि १५ मे २००४ ला दुसऱ्या फेरीत डाव्या ठोशावर कोसळला. चार महिन्यांनी ग्लेन जॉन्सननंही त्याला झोपवलं. वजन चढवणं-उतरवणं हे एक कारण आहेच. पण मोठं कारण वेगळं. जोन्स हात खाली ठेवून लढायचा, कारण त्याची नजर आणि प्रतिक्षेप बाकीच्यांपेक्षा एक क्षण पुढे असायचे. बचावासाठी हात वर ठेवायची सवय त्याला कधी लागलीच नाही, कारण कधी लागावीच लागली नाही. तो एक क्षण गेला आणि मागे दुसरी भिंतच नव्हती.

टार्व्हरही जोन्सपेक्षा दोन महिन्यांनी मोठा होता, हे लक्षात ठेवा. दोघांची वयं सारखी, घसरला एकच. १९९६ चा जोन्स? कसोटी लावली (प्रश्न २) तर उत्तर स्पष्ट आहे: तो ठोसा त्याला तेव्हा लागत नव्हता. जोन्स जिंकला असता.

९. जो लुई भरात असता तर रॉकी मार्सियानो ४९-० (४९ लढती, एकही पराभव नाही) राहिला असता का?

२६ ऑक्टोबर १९५१ ला लुई ३७ वर्षांचा होता, मार्सियानो २८ चा. लुई निवृत्तीतून परतला तो करांच्या थकबाकीमुळे. डावा जॅब अजून जागेवर होता, पण उजवा हात सुटतच नव्हता. आठव्या फेरीत तो दोरांतून बाहेर कडेवर पडला.

१९३८ ते ४१ मधला लुई माझ्या मते जिंकतो. मार्सियानोचे हात आखूड, आत शिरताना तो ठोसे खायचा. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटनं त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं होतं. तरी एक गोष्ट मला डाचते. फेब्रुवारी १९४० मध्ये आर्तुरो गोडॉय कमरेत वाकून, जवळजवळ जमिनीलगत लढला आणि भरातल्या लुईला पंधरा फेऱ्या काही सुचलं नाही. मार्सियानोही वाकूनच लढायचा, आणि गोडॉयकडे मार्सियानोचा उजवा हात नव्हता. परतीच्या लढतीत लुईनं गोडॉयला आठव्या फेरीत संपवलं, म्हणजे उपाय त्याला सापडला होता. त्यावर मी कौल देतो.

१०. मेवेदर–पॅकियाओ २०१५ ऐवजी २०१० मध्ये झाली असती तर? आणि घड्याळ मागे नेताना एकाचंच न्यायचं की दोघांचंही?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. ‘लढत ठरल्या वेळी झाली असती तर’ असा प्रश्न असेल तर दोघांचंही. ‘भरातला अमुक विरुद्ध त्या रात्रीचा तमुक’ असा असेल तर एकाचंच. भांडणं होतात ती हे न ठरवल्यामुळे.

२ मे २०१५ ला पॅकियाओ ३६ वर्षांचा होता, पण मेवेदर ३८ चा. २०१० मध्ये पॅकियाओ जास्त ठोसे मारणारा, जास्त धोकादायक होता हे मान्य. पण मेवेदरचे पायही तेव्हा ताजे होते. पॅकियाओला प्रतिठोसा मारणाऱ्यांचा त्रास भराच्या काळातही होता. हुआन मॅन्युएल मार्केझनं त्याला २००४ आणि २००८ मध्येही जेरीस आणलं, आणि त्याच मार्केझला मेवेदरनं सप्टेंबर २००९ मध्ये एकतर्फी हरवलं. लढत २०१५ पेक्षा कितीतरी रंगली असती. निकाल बहुधा तोच.

११. परतीच्या लढतीत जिंकला म्हणजे पहिला पराभव अपघात होता, हे सिद्ध झालं ना?

कधी हो, कधी अजिबात नाही. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगनं जो लुईला बाराव्या फेरीत संपवलं. जॅबनंतर लुईचा डावा हात खाली येतो हे त्यानं हेरलं होतं. २२ जून १९३८ ला लुईनं दोन मिनिटं चार सेकंदांत हिशेब चुकता केला. इथे अपघात नव्हता, दुरुस्ती होती.

याउलट बर्नार्ड हॉपकिन्स १९९३ मध्ये रॉय जोन्सकडून हरला आणि एप्रिल २०१० मध्ये त्यानं जोन्सला हरवलं, तेव्हा एक ४५ चा आणि दुसरा ४१ चा होता. त्या निकालानं १९९३ बद्दल काहीही कळत नाही. कळतं ते एवढंच, की हॉपकिन्सची शैली टिकाऊ होती आणि जोन्सची नव्हती (पाहा प्रश्न ८).

१२. क्लिचकोचा भर कधीचा? तो तर तरुणपणीच हरत होता.

व्लादिमिर क्लिचको २००३ मध्ये कॉरी सँडर्सकडून आणि २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरकडून हरला. तेव्हा वय अनुक्रमे सव्वीस आणि अठ्ठावीस. नंतर इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्या हाताखाली तो बदलत गेला आणि पुढची दहाएक वर्षं हेविवेट गट त्याच्याच मुठीत होता. म्हणजे भर पराभवानंतर आला. २०१७ मध्ये ४१ व्या वर्षी त्यानं अँथनी जोशुआला सहाव्या फेरीत खाली पाडलं, पण संपवायला धावला नाही आणि अकराव्या फेरीत स्वतः हरला. २०११ चा क्लिचकोही सावधच होता. तरी त्याचा जॅब आणि उजवा हात तेव्हा इतके चोख होते की त्याला धावायची गरज पडली नसती.

१३. मेरी कोम टोकियो ऑलिम्पिकमध्ये तरुण असती तर जिंकली असती का?

इन्ग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध, हो. पुरावा कल्पनेतला नाही: २०१९ च्या जागतिक स्पर्धेत मेरीनं तिलाच ५-० हरवलं होतं. टोकियोत २९ जुलै २०२१ ला ३८ वर्षांची मेरी २-३ नं हरली. पहिली फेरी ४-१ अशी गेली. पुढच्या दोन्ही फेऱ्या पाचातल्या तीन पंचांनी तिला दिल्या. तीन फेऱ्यांच्या लढतीत पहिली फेरी सोडली की वेळच उरत नाही.

लंडन २०१२ ची गोष्ट वेगळी. तिची तोवरची जागतिक सुवर्णपदकं ४८ किलो आणि त्याखालच्या गटांतली, पण ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गटच ५१ किलोचा होता. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सनं तिला ११-६ नं हरवलं. मेरी तेव्हा भरातच होती. वजनगटातला फरक भर भरून काढत नाही.

१४. फेऱ्या पंधरावरून बारा झाल्या, त्याचा हिशेब धरायचा का?

धरायलाच हवा. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम डुक कू दगावला आणि त्यानंतर किताबाच्या लढती बारा फेऱ्यांवर आल्या. १९८१ मध्ये शुगर रे लेनर्डनं थॉमस हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवलं तेव्हा हर्न्स गुणांवर पुढे होता. बारा फेऱ्यांच्या काळात तीच लढत हर्न्सची ठरली असती. दोन काळांतले बॉक्सर समोरासमोर उभे करताना कोणाच्या नियमांनी, हे आधी ठरवा.

१५. कॉम्प्युटरला विचारून हे ठरवता येणार नाही का?

करून झालं आहे. १९६७ मध्ये रेडिओवरच्या एका स्पर्धेत कॉम्प्युटरनं अलीला जिम जेफ्रीजकडून हरवलं. अलीनं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढे तडजोड होऊन १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर अनेक फेऱ्या लढून दाखवल्या. अमेरिकेतल्या पडद्यावर मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटनं जिंकला. तो पाहायला मार्सियानो नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात तो गेला. यंत्र आपण दिलेले आकडेच परत देतं. प्रश्न ३ मधली अपरकटआधी हात खाली नेण्याची सवय त्या आकड्यांत कुठे लिहिणार?

१६. हे सगळं बोललं की जिंकणाऱ्याचं श्रेय कमी होत नाही का?

‘भरात नव्हता’ एवढंच म्हणून थांबलं तर होतं. म्हणून प्रत्येक वेळी जिंकणाऱ्याबद्दलही तोच प्रश्न विचारावा. फ्रेझरबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ८ मार्च १९७१ ची लढत जिंकून तो रुग्णालयात गेला आणि तसा फ्रेझर परत दिसला नाही. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये फोरमननं त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७१ चा फ्रेझर तो पराभव उलटवू शकला असता का? माझं उत्तर नाही असं आहे. फ्रेझर खाली वाकून, डोकं हलवत सरळ आत शिरायचा, आणि फोरमनचा अपरकट नेमका तिथेच यायचा. १९७६ मध्ये फ्रेझरनं वेगळ्या पवित्र्यानं पुन्हा प्रयत्न केला, तो पाचव्या फेरीपर्यंतच टिकला. पण १९७१ चा फ्रेझर सहा वेळा पडला असता, तर सातव्यांदाही उठला असता.